मापकाचा कान पिळण्यापूर्वी

दिवाळीच्या अंकात धुराड्याच्या गोष्टी कोण वाचणार, असे मला घरातूनच दरवर्षी ऐकवले जाते. पण एका दिवाळीनंतरच्या पहाटे मी काय करून बसलो होतो, ते आज सांगून टाकतो. ऐकून कुणी एक जण सावध झाला, तरी पुष्कळ झाले.

तेव्हा मी एका कारखान्यात उपकरणे सांभाळीत असे. बॉयलर नैसर्गिक गॅसवर चाले. भट्टीतून निघणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरला, हे दाखवणारे मापक धुराच्या वाटेत बसवलेले होते. रॉकेलच्या स्टोव्हला हवा कमी पडली की भांडे काळे होते, हे गृहिणी जाणतात. बॉयलरला हवा कमी पडली तर इंधन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. जास्त झाली तर फुकटची हवा तापवून आपण ती चिमणीवाटे आकाशात सोडतो. म्हणून गॅसच्या बॉयलरच्या धुरात साधारण २ ते ३ टक्के प्राणवायू उरेल, इतपतच हवा देतात.

या मापकाच्या टोकाशी झिर्कोनिया नावाच्या, चिनीमातीच्या जातीच्या पदार्थाची पेशी असते. तिच्या एका अंगाला स्वच्छ हवा, दुसऱ्या अंगाला धूर. दोहोंकडच्या प्राणवायूत फरक असला की तिच्यात विजेचा सूक्ष्म दाब निर्माण होतो. मात्र त्यासाठी ती ७०० अंश सेल्सियसच्या आसपास तापवावी लागते. आणि मिथेन तर ५४० अंशांच्या सुमारास ठिणगीवाचूनही पेटू शकतो! म्हणजे आगीवर नेमलेला हा पहारेकरी स्वतःच हातात निखारा घेऊन उभा असतो.

चार दिवसांच्या सुट्टीनंतर बॉयलर पेटवायचा होता. पेशी तापायला वेळ लागतो, म्हणून मी पहाटेच येऊन मापकाची वीज सुरू केली. गॅसचा हातव्हॉल्व्ह कुणीतरी आधीच उघडून ठेवला होता, याची मी चौकशीसुद्धा केली नाही. थोड्या वेळाने आकडा २०.९ वर आला. मोकळ्या हवेत तेवढाच प्राणवायू असतो, तेव्हा मी खूश झालो. चहा पिऊन परत येतो तो आकडा १७!

"चार दिवस आळसावलेय," असे म्हणत मी आकडा जुळवायला हात घातला. तेवढ्यात मागून बॉयलरचे मिस्त्री ओरडले, "साहेब, त्याचा कान पिळू नका! आधी ते काय सांगतंय ते ऐका. भट्टी पेटलेली नाही, मग प्राणवायू खातंय कोण?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. बंद म्हणवणारा स्वयंचलित व्हॉल्व्ह गळत होता. गळलेला गॅस तापलेल्या पेशीवर जळत होता आणि तिथला प्राणवायू खात होता. मिथेनचा एक रेणू जळताना प्राणवायूचे दोन रेणू खातो. त्या हिशेबाने तिथे पावणेदोन टक्के गॅस होता. हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की स्फोट होऊ शकतो. भट्टीच्या एखाद्या कोपऱ्यात तो किती साचला असेल, ते मापक सांगू शकत नव्हते. टोकावरच्या ज्वालारोधक जाळीने ज्वाला आतल्या आत अडवली, म्हणून आम्ही वाचलो. आकडा लवकर हलावा म्हणून ही जाळी काढून ठेवण्याचा मोह पुष्कळांना होतो, तो आवरावा.

मिस्त्रींनी हातव्हॉल्व्ह बंद केला, मापकाची वीज तोडायला लावली, धुराची झडप हळूहळू उघडली आणि चिमणीच्या ओढीने गॅस जाऊ दिला. पंखा पुष्कळ वेळाने, तोही मंद गतीने सुरू केला. नंतर माहीत असलेला वायू सोडून मापक तपासले, तर आकडा बिनचूक!

तेव्हापासूनचा माझा नेम असा. हातव्हॉल्व्ह बंद ठेवून भट्टी आधी हवेने धुवावी. मगच पेशी तापवावी. पेटवण्यापूर्वी पुन्हा धुवावी. चालत्या बॉयलरची ज्योत विझली तर मापकाची वीज आपोआप तुटेल, अशी जोडणी असावी. आणखी एक. धुराच्या वाटेला भोक पडून बाहेरची हवा आत शिरली की आकडा खोटाच वाढतो. त्यावर विसंबून हवा कमी केली की भट्टी गुदमरते. म्हणून जोडीला कार्बन मोनॉक्साइडचे मापक हवेच.

त्या दिवशी मी मिस्त्रींना फराळाचा डबा दिला. चकली मोडत ते म्हणाले, "साहेब, चहाला जायचं तर मापकाला विचारून जात जा!"