वर्ग दोनचा इतिहास

सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातील काही किल्ले भाडेपट्ट्याने देऊन तेथे हॉटेले उभारू देण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय प्रकाशात आला आणि समाजात संतापाची लाट उसळली. शासनाने तातडीने खुलासा केला : ‘वर्ग एक’च्या संरक्षित किल्ल्यांना हात लागणार नाही, विचार आहे तो ‘वर्ग दोन’चा. लाट ओसरली. वस्तुतः खरा प्रश्न त्या खुलाशातच दडलेला होता. इतिहासाला असे वर्ग पाडता येतात काय?

फलटणचेच पाहावे. येथे सह्यकड्यावरचा दुर्ग नाही. आहे तो नाईक निंबाळकरांचा राजवाडा. शिवरायांच्या आजी उमाबाई याच घराण्यातल्या. छत्रपती संभाजी महाराजांच्या मातोश्री सईबाई या मुधोजीराव निंबाळकरांच्या कन्या. त्यांचे बंधू बजाजी यांना आदिलशाहीत स्वधर्म गमवावा लागला. जिजाऊंनी त्यांना शिखर शिंगणापूरच्या शंभुमहादेवापुढे शुद्ध करून घेतले, असे परंपरा सांगते. विधीने माणूस परत येतो, पण पंगतीत पाट मिळेलच असे नाही. म्हणून शिवरायांनी आपली कन्या सखुबाई बजाजींचे पुत्र महादजी यांना दिली. समाजसुधारणेचा एवढा निर्भय धडा कोणत्या ‘वर्गा’त बसवायचा?

सईबाईंची समाधी असलेला राजगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेला, याचा आनंद आहेच. त्यांचे माहेर त्या यादीत नाही. नसणारच, ती किल्ल्यांची यादी आहे. पण आज फलटणचा राजवाडा चित्रपटात पाहिलेला वाडा म्हणून ओळखणारे पुष्कळ, बजाजींच्या घराण्याचा वाडा म्हणून ओळखणारे मूठभर. हा दोष राजवाड्याचा नव्हे.

संस्थानिकांना दूषणे देण्याचेही कारण नाही. जयपूरचा रामबाग १९५७ मध्ये, उदयपूरचा जगनिवास १९६३ मध्ये हॉटेल झाला. १९७१ मध्ये तनखेच बंद झाले. छपरे गळतात, ती शाकारायला पैसा लागतो. माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवड, जेजुरी, लोणंद करीत फलटणला येते. त्याच घाटमाथ्याच्या परिसरात पिलाजी जाधवरावांची १७१० ची गढी आज हॉटेल म्हणून नांदते आहे, तेथे संग्रहालयही आहे. माळव्यापर्यंत घोडी नेणाऱ्या सरदारांच्या कित्येक गढ्यांत बाभळी माजल्या असताना हे निश्चितच बरे.

परंतु खासगी मालकाने स्वतःची वास्तू जगवणे वेगळे आणि शासनाने समाजाची वास्तू भाड्याने लावणे वेगळे. शासन तेथे मालक नाही, विश्वस्त आहे. यापुढे कोणत्याही ‘वर्ग दोन’ वास्तूचा करार होणार असेल, तर वास्तूचा खरा इतिहास दर्शनी भागात लावणे बंधनकारक हवे; शाळेच्या मुलांना मुक्त प्रवेश हवा; देवघर आणि समाधीच्या आवारात मद्य नको. आणि गावकऱ्यांना सहीपूर्वी वाचता यावा म्हणून तो करारनामा मराठीत, ग्रामसभेपुढे ठेवलेला हवा.