नफ्याची हमी कोणाची? भोर घाट, साकची आणि दाभोळ

१/ प्रगती सरकार घडवते की खाजगी उद्योग, हा वाद आपल्याकडे कुठेही पेटतो. एक बाजू म्हणते, सरकारी खात्यातून नवे काही निघत नाही. दुसरी म्हणते, व्यापाऱ्याला नफ्यापलीकडे काही दिसत नाही. दोन्ही बाजू हटकून रेल्वेचा दाखला देतात. म्हणून या धाग्यात रेल्वेपासूनच सुरुवात करू.

२/ १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. ती चालवणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही ब्रिटिश भागधारकांची खाजगी कंपनी होती. मुंबईत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्यांनी रेल्वेसाठी खटपट केली होती. तेव्हा ‘रेल्वे खाजगी उद्योगाने आणली’ हे विधान कागदोपत्री खरे आहे. पण तो कागद नीट वाचायला हवा.

३/ १८४९ साली या कंपनीचा ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारशी करार झाला. भांडवल कंपनीने उभारायचे, जमीन सरकारने विनामूल्य द्यायची. भागधारकांना गुंतवणुकीवर ५ टक्के व्याजाची हमी. उत्पन्न कमी पडले, तर तूट सरकारी तिजोरीने भरून काढायची. शिवाय मार्ग सरकारच्या हवाली करून भांडवल परत मागण्याची मुभाही कंपनीला होती.

४/ याचा अर्थ उघड आहे. नफा झाला तर भागधारकांचा, तोटा झाला तर हिंदुस्थानच्या महसुलाचा. त्या महसुलाचा सर्वांत मोठा वाटा जमीनमहसुलाचा होता. म्हणजे लंडनमधल्या भागधारकाच्या व्याजाची जोखीम ज्याने कधी रेल्वे पाहिलीही नव्हती, त्या रयतेच्या शेतसाऱ्यावर बसली.

५/ अशा हमीचा परिणाम खर्चावर होणारच होता. पैसा जितका जास्त ओतला जाईल, तितके हमीचे व्याज वाढणार. मग काटकसर कोणी करावी? सुरुवातीला मैलामागे साधारण ८ हजार पौंडांचा अंदाज होता. १८६० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्यक्ष सरासरी १८ हजारांच्या घरात गेली. या वाढीला डोंगर, नद्या आणि १८५७ चा उठाव ही कारणेही होती, पण हमीचा वाटा नाकारता येत नाही.

६/ हिंदुस्थान सरकारचे माजी अर्थसदस्य विल्यम मॅसी यांनी १८७२ साली संसदीय समितीपुढे हे स्वच्छ शब्दांत मांडले. त्यांच्या सांगण्याचा आशय असा: पाच टक्के मिळणार हे एकदा ठरल्यावर, आपला पैसा विटाचुन्यात गेला की हुगळीत बुडाला, याच्याशी इंग्रज भांडवलदाराला कर्तव्य नव्हते. हे बोलणारा गृहस्थ साम्राज्याचा टीकाकार नव्हे, साम्राज्याचा हिशेब ठेवणारा होता.

७/ मग नवनिर्मिती झालीच नाही का? झाली, आणि थोर झाली. कर्जतहून खंडाळ्याकडे चढणारा भोर घाटाचा मार्ग १८६३ साली खुला झाला. पंचवीस बोगदे, आणि काही ठिकाणी ३७ फुटांत १ फूट इतका तीव्र चढ. वळण घ्यायला जागाच नव्हती, तेथे गाडीची दिशा उलटवणारे स्थानक बांधून अभियंत्यांनी मार्ग काढला. आजही पुण्याकडे येणाऱ्या अनेक गाड्यांना घाट चढवण्यासाठी कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात.

८/ परंतु या घाटातली जोखीम कोणी पत्करली? जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला. पहिल्या कंत्राटदाराला काम सोडावे लागले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. कॉलऱ्याने आणि तापाने किती मजूर गेले, त्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत. हमीचे व्याज मात्र वेळेवर पोहोचत राहिले.

९/ येथे सरकारवादी मित्रांनी लगेच टाळ्या वाजवू नयेत. १८६९ नंतर सरकारने स्वतः मार्ग बांधण्याचे धोरण घेतले, खर्च कमी व्हावा म्हणून मीटरगेजही आणला. पण दुष्काळ आणि अफगाण युद्ध येताच तिजोरीला ओढ लागली, आणि १८८० च्या दशकात सरकार बदललेल्या अटींवर पुन्हा कंपन्यांकडे वळले. सरकारी कामाला सरकारच्या इतर संकटांचा फटका बसतो, हा धडाही तितकाच खरा आहे.

१०/ आता दुसरे उदाहरण पाहू. पोलाद कारखान्यासाठी खनिज कोठे आहे, हे जमशेटजी टाटांना १९०४ साली पत्राने कळवले प्रमथनाथ बोस यांनी. सरकारी भूगर्भ सर्वेक्षणात आयुष्याचा मोठा काळ काढून ते तेव्हा मयूरभंज संस्थानात काम करत होते. म्हणजे खाजगी कारखान्याच्या पायाखाली सार्वजनिक पैशाने घडलेले ज्ञान होते.

११/ लंडनच्या बाजारात भांडवल मिळेना, तेव्हा १९०७ साली टाटांनी स्वदेशीच्या ऐन लाटेत येथील लोकांना हाक दिली. सुमारे तीन आठवड्यांत सुमारे ८ हजार भारतीयांनी भाग घेतले. खेळत्या भांडवलासाठी काढलेले कर्जरोखे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतले. आणि सरकारने काय दिले? दहा वर्षे दरसाल २० हजार टन रूळ विकत घेण्याचे वचन, तेही आयात रुळांच्या भावाने.

१२/ हा फरक माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. १८४९ साली सरकारने *नफ्याची* हमी दिली. टाटांना सरकारने *गिऱ्हाइकाची* हमी दिली. बाहेरून येणाऱ्या रुळाइतका चांगला रूळ तितक्याच किमतीत करणे कारखान्यावर बंधनकारक होते. जमले नाही, तर बुडणारा पैसा भागधारकांचा होता. म्हणून साकचीत पोलाद शिकावेच लागले. १९१२ साली तेथे पहिले पोलाद निघाले.

१३/ कथा येथे गोड होऊन संपत नाही. पहिल्या महायुद्धानंतर स्वस्त परदेशी पोलाद आले आणि कारखाना बुडायला आला. दोराबजी टाटांनी स्वतःची मालमत्ता तारण ठेवून कर्ज काढले. १९२४ साली सरकारने संरक्षक जकात लावली. तिचा भार अर्थातच ग्राहकावर पडला. पण ती मुदतबंद होती आणि टॅरिफ बोर्डाच्या चौकशीला बांधलेली होती. मालकाने समाजाकडे हात पसरला, पण स्वतःचेही पणाला लावले.

१४/ हे सगळे जुने झाले, असे वाटत असेल तर दाभोळ आठवा. १९९३ साली राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या कंपनीशी वीजखरेदीचा करार केला. वरकरणी ही गिऱ्हाइकाची हमी. प्रत्यक्षात वीज घेतली नाही तरी मोठी रक्कम देणे भाग होते, दर डॉलरशी बांधलेला होता, राज्याची हमी होती आणि वर केंद्राची प्रतिहमी. रुपया घसरला, इंधन महागले, तर भुर्दंड मंडळाचा. २००१ साली प्रकल्प बंद पडला. नाव ‘खाजगीकरण’ होते. कराराचा सांगाडा १८४९ चा होता.

१५/ म्हणून ‘सरकार की खाजगी’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. भोर घाट, साकची, दाभोळ या तिन्ही ठिकाणी दोघेही होते. खरे प्रश्न तीन आहेत. तोटा झाला तर कोण भरणार? हमी नफ्याची आहे की संधीची? आणि ती कधी संपणार?

१६/ उद्या तुमच्या गावाजवळ महामार्ग, मेट्रो किंवा वीज प्रकल्प जाहीर होईल. नेत्यांची भाषणे ऐका, उद्योजकांच्या मुलाखती वाचा. पण करारातले जोखमीचे कलम कोणी दाखवत नसेल, तर ते मागा. नवनिर्मिती जोखमीतून येते, आणि जोखीम एकाची व लाभ दुसऱ्याचा असेल, तर ती फार काळ टिकत नाही. १८४९ च्या रयतेला तो करार वाचायची सोय नव्हती. आपल्याला आहे. (समाप्त)