जुना घ्यावा की नव्याची वाट पाहावी?

बर दुबईत खालिद बिन वलीद रस्त्यावर संगणकाच्या दुकानांची रांगच आहे. गेल्या रविवारी चिपळूणकडचे एक शेजारी मला तिथे घेऊन गेले. मुलगी पुण्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला, महिनाभरात यांची रजा, आणि खिशात मोजून दोन हजार दिरहम. दुकानदाराने गेल्या वर्षीचे एक मॉडेल पुढे ठेवले आणि बोलता बोलता सांगून टाकले की याचे नवे मॉडेल येऊ घातले आहे. झाले! गृहस्थ तिथेच अडले. "भाऊ, थांबलो तर हा स्वस्त होईल ना?"

आजवर या प्रश्नाचे उत्तर सरळ होते. नवे आले की जुन्याची किंमत उतरते. गिऱ्हाइकाची ही सवय दुकानदारालाच नव्हे, कारखानदारालाही भारी पडते असे म्हणतात. अ‍ॅडम ऑस्बोर्न या गृहस्थाने १९८१ साली हातात उचलून नेता येईल असा संगणक बाजारात आणला. वजन सुमारे अकरा किलो, किंमत १,७९५ डॉलर! त्याने पुढच्या मॉडेलची वाच्यता आधीच केली, लोक जुने घेईनासे झाले आणि १९८३ च्या सप्टेंबरात कंपनीने दिवाळे काढले, अशी कथा सांगतात. काही जाणकारांना एवढे एकच कारण पटत नाही, पण व्यापारात अशा फटक्याला आजही त्याचेच नाव आहे. या ऑस्बोर्नचे बालपण तामीळनाडूत तिरुवण्णामलईला गेले आणि २००३ साली त्याने देह ठेवला तोही कोडाईकनालला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

असो. ते जुने गणित २०२५ च्या अखेरीपासून बिघडले आहे. कारण आहे मेमरी, म्हणजे ज्याला दुकानात रॅम म्हणतात ती. जगातील बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारलेल्या अवाढव्य संगणक-केंद्रांना एक खास मेमरी लागते, आणि तेवढ्याच क्षमतेच्या साध्या मेमरीच्या मानाने तिला सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्ची पडते. नफा तिथे अधिक, म्हणून कारखाने तिकडे वळले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशल' या नावाने किरकोळ गिऱ्हाइकाला माल विकण्याचा आपला धंदाच बंद करण्याचे जाहीर केले. नवा कारखाना उभा राहायला वर्षे लागतात. तेव्हा ही टंचाई पुढच्या सेलपर्यंत ओसरेल, या भरवशावर कोणी राहू नये.

याचा अर्थ उघड आहे. दुकानात पडून असलेला गेल्या वर्षीचा लॅपटॉप स्वस्त मेमरीच्या दिवसांत तयार झालेला आहे. तो साठा संपला की त्याच मॉडेलची पुढची खेपही महाग मेमरी घेऊनच येणार. "उद्या महाग होईल हो" हे दुकानदाराचे वाक्य मी एरवी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतो. या खेपेला मात्र त्याच्या बोलण्यात तथ्य आहे.

आणि नवे म्हणजे तरी काय? इंटेल आणि एएमडी यांनी जानेवारी २०२६ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात नव्या चिपा मांडल्या. त्या सरसच आहेत, पण त्या बसवलेली यंत्रे दोन हजार दिरहमवाल्यासाठी नव्हेत. स्वस्त खणात बरेचदा जुनेच इंजिन नव्या नावाने येते. एएमडीची रायझन ५ ७५२०यू ही चिप २०२२ साली आली, आतली रचना मात्र २०१९ ची. त्या मालिकेत तिसरा आकडा पाहावा: २ असेल तर जुनी, ३ असेल तर बरी, ४ असेल तर चांगली.

मेमरी १६ जीबीच घ्यावी. "आठ घ्या, पुढे वाढवू" असे दुकानदार म्हणेल, पण पुष्कळ पातळ यंत्रांत ती पटलावरच डाखलेली असते, वाढवता येत नाही. वापरलेले यंत्र घेणार असाल तर आणखी सावध राहा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची चिप साधारणपणे आठव्या पिढीची किंवा पुढचीच लागते. सातव्या पिढीचे चकचकीत यंत्र स्वस्तात गळ्यात मारणारे इथे कमी नाहीत.

ज्यांचा घरचा लॅपटॉप नीट चालतो आहे त्यांनी ना नवा घ्यावा ना जुना. या भावात हौस परवडत नाही. पण मुलीला वर्गात यंत्र हवेच, तिथे थांबून फायदा दिसत नाही, असे मी शेजाऱ्यांना सांगितले. हमी भारतात चालेल की फक्त आखाती देशांत, हे बिलावर लिहून घ्यायला लावले. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप भारतात करमुक्त नेता येतो, तेव्हा कस्टम्सची धास्ती नाही.

पाच टक्के व्हॅट धरून हिशेब दोन हजारांच्या आतच बसला. कळफलकावर इंग्रजीच्या जोडीला अरबी अक्षरे आहेत, ती चालतील का, हे त्यांनी पैसे देण्यापूर्वी मुलीला फोन लावून विचारले. चालतील म्हणाली.