गोळी डोक्यात करते तरी काय?

मैत्रिणींनो, घरात कुणाला स्किझोफ्रेनियासाठी हॅलोपेरिडॉलसारखी गोळी चालू असली, की वरचा प्रश्न आपल्याला पडतोच. विचारणार कुणाला? शेजारणीला तर नाहीच!

विरजणातले जंतू दुधाचं दही करतात ते त्यांच्याजवळच्या विकरांच्या जोरावर. मेंदूतही विकरं असतात. त्यातलं एक टायरोसिन हायड्रॉक्सिलेज. नाव जिभेला जड, काम मात्र सरळ: डाळ-दुधातल्या प्रथिनांतून मिळणाऱ्या टायरोसिनपासून डोपामिन बनवण्याची पहिली पायरी त्याची. गोळी या विकराला थेट हात लावत नाही. डोपामिनचा निरोप जिथं पोचायचा ती दारं ती अडवते. मग निरोप पोचत नाही म्हणून पेशी सुरुवातीला उलट जास्तच डोपामिन बनवू लागतात, विकराचा वेग वाढतो. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांना याचा माग १९६३ साली उंदरांच्या मेंदूत लागला.

हालचालींनाही डोपामिन लागतं. म्हणून कुणाचे हात थरथरतात, चेहरा कोरा दिसतो, आमटी सांडते. त्याला ‘ढोंग’ म्हणणाऱ्या सासूबाईंना हे जरूर वाचून दाखवा. पण बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद करू नका, आजार उलटतो. थरथर कधीपासून, केव्हा जास्त, ते वहीत टिपून डॉक्टरांना दाखवा. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. मात्र मान अचानक वाकडी झाली, किंवा ताप चढून अंग लाकडासारखं ताठरलं, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. गोळीचं पाकीट सोबत न्या.