हुकावर आकडा ठोका

ऊसतोडीचा हंगाम जवळ आला की ट्रॉलीच्या मागच्या रिफ्लेक्टरबद्दल वर्तमानपत्रांत लिहून येतं. ते यायलाच हवं. अंधारात उभ्या ट्रॉलीवर आदळून माणसं गेली आहेत, अजून जातात. पण ट्रॅक्टर आणि ट्रॉली ज्यावर जोडलेली असतात त्या लोखंडाबद्दल, म्हणजे हूक, पिन आणि दांडीची कडी यांच्याबद्दल, कुणी चकार शब्द काढत नाही. पलूस तालुक्यात माझं लेथ आणि वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. ट्रॉल्या बांधणं, वाकलेल्या दांड्या सरळ करणं, पिना कातणं हेच माझं पोटापाण्याचं काम. या लोखंडाची अवस्था मी जवळून बघतो, आणि ती चांगली नाही.

एका तरुण ट्रॅक्टरवाल्यानं मध्यंतरी दांडी सरळ करायला आणली. सोबत पिन होती. पिन म्हणजे स्लॅबला वापरतात त्या पंचवीस एमएमच्या सळईचा तुकडा, वरून वाकवलेला. खाली लॉक म्हणून बाइंडिंग वायर पिळलेली. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "चालतंय की मामा, गेला हंगाम ह्याच्यावरच काढलाय." पिन व्हाइसमध्ये धरली आणि मधोमध, जिथं कडी घासते तिथं, व्हर्नियर लावला. एकोणीस एमएम. सहा एमएम झिजलेलं त्याला दिसलं, पण त्यामुळे ताकद किती गेली ते दिसलं नव्हतं. कापली जाण्याविरुद्धची ताकद अशा पिनेत साठ टक्क्यांच्याही खाली येते आणि वाकण्याविरुद्धची तर निम्मीसुद्धा उरत नाही. शिवाय ती सळई या कामाची नाहीच. तिची वरची साल कडक आणि गाभा मऊ असतो. काँक्रीटच्या पोटात ताण घेण्यासाठी ती केलेली आहे. साल घासून गेली की पुढची झीज भराभर होते. पिन कमीत कमी ईएन ८ पोलादाची हवी. ईएन १९ घेऊन तिला नीट पाणी दिलं आणि नंतर टेंपर केलं तर उत्तमच. नुसतं पाणी देऊन टेंपर न केलेली पिन घेऊ नये. ती झिजत नाही, पण झटक्यानं तुटते.

पिनेपेक्षाही जास्त दुर्लक्ष हुकाच्या उंचीकडे होतं. बऱ्याच ट्रॅक्टरांना मागं प्लेट असते, तिला वरखाली भोकं असतात आणि हूक हव्या त्या भोकांवर बसवता येतो. आमच्या भागातले बहुतेक जण तो सगळ्यात वर चढवून ठेवतात. ट्रॉलीची दांडी अडकवताना वाकावं लागत नाही, हे एक कारण. दुसरं कारण ड्रायव्हर अभिमानानं सांगतात: हूक वर असला की मागच्या चाकांना पकड येते. पकड येते हे खरं आहे. पण मागं आलेलं ते वजन पुढच्या चाकांवरून उचललेलं असतं.

हिशेब सोपा आहे, आणि तो प्रत्येक ट्रॅक्टरवाल्यानं एकदा कागदावर करावा. चढावर किंवा फडातल्या चिखलात ट्रॅक्टर हुकावर दीड हजार किलोची ओढ लावतोय असं धरा. पुढच्या आणि मागच्या आसांमधलं अंतर साधारण दोन मीटर. हूक जमिनीपासून अर्ध्या मीटरवर असेल तर पुढच्या चाकांवरचं पावणेचारशे किलो वजन कमी होतं. हूक ऐंशी सेंटीमीटरवर नेला तर सहाशे किलो कमी होतं. पन्नास हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरचं पुढच्या चाकांवरचं वजन सपाटीवर आठशेच्या आसपास असतं. चढाला त्यातलं आणखी काही मागं सरकतं. मग स्टेअरिंग हलकं पडतं, पुढची चाकं रस्ता सोडतात आणि बॉनेटवर दोन माणसं बसवून ट्रॅक्टर पुढं काढला जातो. हे दृश्य आपल्याकडे मोबाईलवर हौसेनं दाखवलं जातं. बॉनेटवर बसलेला कुणाचा तरी मुलगा आहे, एवढं तरी बघणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

ओढ खाली हवी ही काही नवी गोष्ट नाही. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसानं तीन दांड्यांची जोडणी घडवली आणि १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टर मागच्या चाकांवर उलटून चालकाच्या अंगावर यायचा, आणि तो धोका कमी करणं हा त्या जोडणीचा एक मोठा फायदा होता. आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागं तीच जोडणी आहे. तरी घाईत कुणीतरी वरच्या दांडीच्या जागी साखळी अडकवून रुतलेली ट्रॉली ओढायला जातो. हे कधीच करू नये. आसाच्या वर ओढ लावली की ट्रॅक्टर उभा राहायला सेकंदसुद्धा लागत नाही.

उंची कशी ठरवायची? ट्रॅक्टर आणि ट्रॉली सपाट जागेवर उभी करा, टायरांत हवा नेहमीइतकी ठेवा आणि ट्रॉली भरलेली असताना दांडी जमिनीला समांतर राहील अशा भोकात हूक बसवा. दांडी हुकाकडे चढलेली असेल तर प्रत्येक ओढीला ट्रॅक्टरचं मागचं अंग खाली दाबलं जातं आणि पुढचं उचललं जातं. दांडीच मुळात उंचावर असेल तर हूक वर नेऊ नका, दांडीची कडी खाली घ्या. वर्कशॉपमध्ये ते काम होतं. टायरचा साइज बदलला की उंची पुन्हा तपासायची.

माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याच्या पिकअपच्या मागची जोडणी मी काढून हातात घेऊन पाहिली. तिकडे लोक घोडे, होड्या, गवताच्या गाठी अशा ट्रेलरवरूनच नेतात. उभ्या दांड्याला इंचाइंचावर भोकं, दोन पिना काढल्या की गोळा वर किंवा खाली सरकवता येतो आणि ट्रेलर समतल करता येतो. कल्पना आपल्या भोकांच्या प्लेटचीच. पण गोळ्याच्या माथ्यावर ठोकलेलं होतं: दोन इंच, आठ हजार पौंड. म्हणजे साधारण साडेतीन टन. दांड्यावर वेगळा आकडा, गाडीच्या चौकटीवर वेगळा. भाचा म्हणाला, यातला जो आकडा सगळ्यात लहान, तेवढंच ओढायचं. ट्रेलरच्या दांडीखालून दोन साखळ्या एकमेकींवरून फुली करून गाडीला अडकवलेल्या, म्हणजे जोडणी सुटली तरी दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांवर झेलली जाते.

साडेतीन टनांच्या लोखंडावर आकडा आहे. आपल्याकडे दोन ट्रॉल्यांत वीस-पंचवीस टन ऊस भरून निघतो आणि गावोगावच्या वर्कशॉपांत घडवलेल्या हुकांवर काहीही लिहिलेलं नसतं. तो हूक ज्या बोल्टांनी बसवतो त्यांच्या डोक्यावर ८.८ असं ठोकलेलं असतं, टायरवर भार लिहिलेला असतो. मधला हूक तेवढा बिननावाचा. मी स्वतः घडवलेल्या हुकावर आणि पिनेवर पोलादाची जात आणि साल ठोकतो. भाराचा आकडा मात्र माझ्यासारख्यानं अंदाजानं ठोकून चालणार नाही, तो चाचणी घेऊनच ठरला पाहिजे. ती सोय सरकारनं करावी. अवजारांची चाचणी घेणाऱ्या संस्था आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयांत ओढ मोजणारी यंत्रं आहेत.

दुसऱ्या ट्रॉलीचं आणखी वेगळं. तिची सगळी ओढ पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या हुकावर येते आणि हा हूक पुष्कळदा चॅनेलला नुसता वेल्डिंगनं चिकटवलेला असतो. पिन आणि कडी यांत फट वाढली की प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक खड्ड्याला तिथं घाव बसतो. वेल्डिंगच्या कडेनं केसाएवढी चीर पडते, रंगाखाली ती दिसत नाही. ती शोधायला मशीन लागत नाही. रंग आणि गंज तारेच्या ब्रशनं काढा, रॉकेल लावून थोडा वेळ थांबा, कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसा आणि वर खडू घासा. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. रेघ दिसली की तो हूक उतरवायचा. झिजलेला हूक वेल्डिंगनं भरून द्या, असं म्हणत गिऱ्हाइकं येतात. मी भरून देत नाही. ठोकून घडवलेल्या हुकाला वेल्डिंगची आच लागली की त्याची मूळ ताकद त्या जागी राहत नाही, आणि वरून मात्र तो नव्यासारखा दिसतो.

याचा दोष एकट्या ड्रायव्हरवर टाकायला मी तयार नाही. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर असतो, टोळीला दिलेली उचल अडकलेली असते. खेप जितकी मोठी तितका हंगाम सुटतो. ज्यांच्या गव्हाणीत तो ऊस पडतो त्यांनी यात लक्ष घालायला हवं. हंगामाआधी साखर कारखाने वाहतूकदारांशी करार करतात, तेव्हा गाडीची कागदपत्रं बघतात, विमा बघतात. त्याच दिवशी आवारात ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडून उभी करावी. हुकाची उंची, पिनेची जाडी, पिनेचं लॉक, वेल्डिंगच्या चिरा आणि दोन साखळ्या बघायला एका फिटरला अर्धा तास पुरतो. पास झालेल्या जोडणीला शिक्का द्यावा आणि शिक्का नसलेली जोडी काट्यावर घेऊ नये. नवी पिन कारखान्यानं आगाऊ द्यावी आणि बिलातून कापून घ्यावी. डिझेल तसं देतातच.

हे होईल तेव्हा होईल. ज्यांच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे त्यांना माझी विनंती आहे की पहिल्या खेपेआधी पिन काढा आणि व्हर्नियर असलेल्या कुठल्याही लेथवाल्याकडे घेऊन जा. माप घ्यायचे तो पैसे घेणार नाही. कंबर पडलेली दिसली तर ती पिन तिथंच भंगारात टाकून या, घरी आणू नका. घरी आणलेली पिन कुणीतरी पुन्हा लावतो.