प्रभागातला ताप जिल्ह्याच्या सरासरीत कसा दिसणार?

पावसाळ्यात डेंग्यूची चर्चा सुरू झाली की शहरांमधल्या सामाजिक संस्था, गणेश मंडळं, राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी मदतीला उतरतात. पत्रकं वाटली जातात, शिबिरं भरतात, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचं आवाहन होतं. पण शिबिर कुठे भरवायचं हे बऱ्याचदा ओळखीवर ठरतं. जिथून फोन येतो, जिथे सभागृह मिळतं, जिथला नगरसेवक ओळखीचा असतो, तिथे शिबिर. रुग्ण नेमके कुठे वाढतायत हे आधी कळलं असतं, तर तेवढेच कार्यकर्ते आणि तेवढाच पैसा कदाचित दुसऱ्याच गल्लीत गेला असता.

ही माहिती अस्तित्वात नाही, असं नाही. ती गोळा होते, वरही जाते. ती संस्थांना वापरता येईल अशा रूपात खाली परत येणं, हा खरा प्रश्न आहे. त्याचं एक स्वस्त उत्तर म्हणजे मोबाइलवर उघडणारा प्रभागनिहाय आरोग्य नकाशा.

जिल्ह्याचा आकडा शहराला का पुरत नाही?

2011 च्या जनगणनेनुसार तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याची लोकसंख्या 45,43,159 होती. महापालिका हद्दीत 3,50,859 लोक राहत होते. म्हणजे शंभरातले आठही नाहीत. जिल्ह्याच्या सरासरीवर अकोले, पाथर्डी, श्रीगोंदा अशा 14 तालुक्यांची छाप असते. शहराचं चित्र त्यात विरून जातं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019 ते 2021 दरम्यान झाली. देशातल्या 707 जिल्ह्यांत सुमारे 6 लाख 37 हजार कुटुंबांची पाहणी झाली, म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी 900 कुटुंबं. लोकसंख्येच्या प्रमाणात ढोबळ हिशोब केला तर त्यातली सुमारे 70 नगर शहराच्या वाट्याला येतात. शहरात 17 प्रभाग आहेत. म्हणजे एका प्रभागामागे चार घरं. चार घरांवरून सावेडीत काय चाललंय आणि केडगावात काय, हे कुणीच सांगू शकत नाही. सर्वेक्षणाचा हा दोष नाही. ते जिल्ह्यासाठीच आखलेलं असतं.

मग प्रभागाची माहिती कुठे अडते?

पहिली अडचण आहे मालकीची. नागरी आरोग्य केंद्रं महापालिकेची, जिल्हा रुग्णालय राज्याच्या आरोग्य विभागाचं, भिंगारचा कारभार कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आणि बाकी सगळं खासगी दवाखान्यांकडे. डास मात्र हद्द बघून चावत नाही. भिंगार आणि शेजारच्या वस्त्या एकाच नकाशावर दिसल्या नाहीत, तर साथीचं अर्धंच चित्र दिसतं.

दुसरी अडचण आहे दाराची. केंद्र सरकारने एप्रिल 2021 मध्ये एकात्मिक आरोग्य माहिती मंच नव्या रूपात सुरू केला. साथरोगांची नोंद त्यावर ठिकाणासह करता येते. पण ती यंत्रणा लॉगिन असलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आहे. वस्तीत काम करणारी संस्था त्या दाराबाहेरच राहते.

तिसरी अडचण आहे कागदाची. माहिती मिळाली तरी अनेकदा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मिळते. त्यातला एकेक आकडा पुन्हा टाइप करेपर्यंत साथ ओसरलेली असते.

नकाशा वेगळं काय सांगतो?

याचं सर्वात जुनं आणि गाजलेलं उदाहरण लंडनचं आहे. 1854 मध्ये सोहो भागात कॉलऱ्याने शेकडो बळी घेतले. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कोणत्या घरांत झाले ते शोधलं. ते ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाभोवती गर्दी करून होते. पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर उतरणीला लागली होती, पण रोग पाण्यातून पसरतो या स्नो यांच्या म्हणण्याला नकाशाने बळ दिलं.

जवळचं उदाहरण पुण्याचं. जानेवारी 2025 मध्ये तिथे गिलियन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले. पुढे संशयित रुग्णांचा आकडा 200 वर गेला. सुरुवातीच्या रुग्णांचे पत्ते पाहिल्यावर सिंहगड रस्ता, नांदेड, किरकिटवाडी, धायरी हीच नावं पुन्हा पुन्हा दिसत होती. लगेच लक्ष गेलं पाण्याकडे. रुग्णांची नुसती संख्या पाहून ही दिशा मिळाली नसती. ती पत्त्यांमुळे मिळाली.

नगरचंच पाहा. शहराला मुळा धरणातून पाणी येतं आणि वसंत टेकडीवरून पुढे वितरित होतं. समजा, एखाद्या आठवड्यात जुलाबाचे रुग्ण वाढले. रुग्णांच्या नकाशावर पाणी वितरणाचे भाग ठेवले, तर गळती शोधायची कुठे, हे तासाभरात ठरू शकतं. हेच काम तीन खात्यांच्या तीन फायली वाचून करायचं म्हटलं तर आठवडा जातो.

हे कुणी करून दाखवलंय का?

हो, आणि महाराष्ट्रातच. पुण्याच्या ‘शेल्टर असोसिएट्स’ या 1993 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने पुणे, सांगली-मिरज अशा शहरांत झोपडपट्ट्यांचे नकाशे तयार केले. घरोघरच्या सर्वेक्षणाला उपग्रह चित्रांची जोड दिली. कोणत्या घरात शौचालय नाही आणि मलवाहिनी किती अंतरावर आहे, हे एकत्र दिसू लागल्यावर घरगुती शौचालयांचं काम कुठे करायचं ते ठरवणं सोपं झालं. मुंबईत ‘प्रजा फाउंडेशन’ माहिती अधिकारातून आरोग्याची आकडेवारी मिळवून दरवर्षी अहवाल काढते. पण प्रत्येक शहरात अर्ज करून पाठपुरावा करणारी संस्था असेलच, असं नाही.

नगर जिल्ह्याला तर ही कल्पना परकी वाटू नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडमध्ये काम सुरू केलं, 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामाची ताकद गावातल्या आरोग्य सेविकांमध्ये होती. कुणाच्या घरी गरोदर बाई आहे, कुणाचं मूल अशक्त आहे, हे त्यांना माहीत असायचं. शहरात लोकसंख्या मोठी, भाडेकरू बदलते. तिथे ही ओळख एका व्यक्तीच्या डोक्यात मावत नाही. म्हणून नकाशा लागतो.

पण नकाशा फसवूही शकतो

तीन ठिकाणी सावध राहावं लागेल.

एक, संख्या आणि प्रमाण यांतला फरक. मोठ्या प्रभागात रुग्ण जास्तच असणार. म्हणून दर हजार लोकांमागे किती, हे दाखवायला हवं. त्यासाठी अधिकृत लोकसंख्या अजून 2011 चीच हाती आहे. तिच्यावर काढलेलं प्रमाण वाढत्या उपनगरांत चुकीचं येणार, हे नकाशावरच लिहायला हवं.

दोन, नकाशा आजार दाखवत नाही, नोंद दाखवतो. ज्या प्रभागात चाचणी होते तिथे रंग गडद. जिथले लोक मेडिकलमधून गोळी घेऊन कामावर जातात, तिथे रंग फिका. फिक्या रंगाचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा लावला, तर ज्यांना गरज जास्त तेच सुटतील.

तीन आणि सर्वात गंभीर, बदनामी. क्षयरोग किंवा एचआयव्हीच्या रुग्णाच्या घरावर टिंब पडलं तर भाड्याची खोली जाते, नोकरी जाते, मुलीचं लग्न मोडतं. एचआयव्हीबाबतची गोपनीयता 2017 च्या कायद्यानेच बंधनकारक केली आहे. त्यामुळे घरावर टिंब नकोच. फक्त प्रभागाला रंग द्यावा आणि आकडा पाचपेक्षा कमी असेल तर ‘5 पेक्षा कमी’ इतकंच लिहावं. एचआयव्हीसारखे आजार या खुल्या नकाशातून पूर्ण वगळलेलेच बरे.

आकडे उघडे केले की आपल्यावरच टीका होईल, ही प्रशासनाची भीतीही समजण्यासारखी आहे. पण कोविडच्या काळात मुंबई महापालिका विभागनिहाय आकडे प्रसिद्ध करत होती. त्याने यंत्रणा कोलमडली नाही. लोकांना कुठे जपायचं ते कळलं.

सुरुवात कशी करता येईल?

पहिल्या टप्प्यात चारच गोष्टी पुरेत: डेंग्यू, जुलाब, बालकांचं लसीकरण आणि नागरी आरोग्य केंद्रांची ठिकाणं. 17 प्रभाग, महिन्याला एक आकडा. त्यासाठी क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आणि ओपनस्ट्रीटमॅपचा खुला नकाशा आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्प म्हणून हे उभं करू शकतील. खर्च सॉफ्टवेअरचा नाही. दर महिन्याला आकडे तपासून देणारा एक जबाबदार माणूस लागेल.

माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं की, सार्वजनिक संस्थांनी माहिती कुणी मागण्याआधीच प्रसिद्ध करावी. महापालिका, जिल्हा रुग्णालय आणि कॅन्टोन्मेंट बोर्ड यांनी एकाच नमुन्यात आकडे द्यायचं ठरवलं, तर नवा कायदाही लागणार नाही आणि मोठी निविदाही.

घरोघर फिरून ही माहिती जमवण्यात आशा सेविकांचा मोठा वाटा असतो. उन्हातान्हात त्यांनी भरलेला तक्ता फक्त वरच्या कार्यालयात पोहोचत असेल, तर त्या मेहनतीचं अर्धं मोल वाया जातं. तो तक्ता त्याच वस्तीत काम करणाऱ्या संस्थेच्या मोबाइलवर दिसला, तर पुढचं शिबिर ओळखीच्या नाही, गरजेच्या पत्त्यावर भरेल.