टोमॅटोची ऊब आणि मजुराचे छप्पर

नेदरलँड्समधील वेस्टलँड भागात बाहेर कडाक्याची थंडी असतानाही काचेच्या हरितगृहांतून टोमॅटोची रोपे वाढत असतात. रोपांच्या ओळींमधून लोखंडी नळ्या घातलेल्या असून त्यांतून गरम पाणी फिरत असते. संवेदक हवेचे तापमान मोजतो; संगणक ते ठरविलेल्या आकड्याशी ताडून पाहतो, आणि झडप हलवून बॉयलरच्या गरम पाण्यात परत आलेले थंड पाणी हवे तेवढेच मिसळतो. अंशा-अंशाचा हिशेब ठेवणारी ही व्यवस्था मानवी बुद्धीचे यश आहे, यात शंका नाही. यंत्राशी समाजवाद्यांचे भांडण असण्याचे कारण नाही.

भांडण आहे ते यंत्राच्या नावाने केल्या जाणाऱ्या युक्तिवादाशी. स्वयंचलित नियंत्रणामुळे इंधन वाया जात नाही, सबब हा उद्योग कार्यक्षमतेचा आदर्श होय, असे त्याचे भाट सांगतात. परंतु संवेदक मोजतो ते काचेच्या आतले. बाहेरचा हिशेब कोणी मांडावयाचा? १९५९ साली ग्रोनिंगेन प्रांतात सापडलेल्या नैसर्गिक वायूच्या बळावर ही शेती फोफावली. पुढे त्याच वायूच्या उपशाने तेथील जमीन हादरू लागली. २०१२ साली हाउझिंगे येथे ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. त्या प्रांतातील हजारो घरांना तडे गेले, आणि उपसा थांबला तो २०२३ साली! ज्या कार्यक्षमतेच्या हिशेबात या भिंती येत नाहीत, तो हिशेब नव्हे, हातचलाखी आहे.

तीच गत मजुराची. हरितगृहांतील कष्टाची कामे मोठ्या प्रमाणावर पोलंडसारख्या देशांतून आलेले कामगार करतात. अनेकांचे काम आणि निवारा एकाच मजूर-पुरवठादाराच्या हाती असतो. काम सुटले की छप्परही जाते. एमिल रूमर यांच्या समितीने २०२० साली नेमके हेच दुखणे दाखवून कामाचा करार आणि घराचा करार वेगळे करण्याची शिफारस केली. रोपाला रात्री थंडी वाजू नये म्हणून झडप क्षणात हलते. रोप जोपासणारा मात्र एका दिवसात रस्त्यावर येऊ शकतो.

यंत्र दिलेला आकडा इमानाने पाळते. तो आकडा ठरविते मालकी. म्हणून लढा झडपेविरुद्ध नाही. तडे गेलेली भिंत आणि मजुराचे अंथरूण उत्पादनखर्चात धरावयास लावणे, हा खरा लढा आहे. तोवर कार्यक्षमतेचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढेच सांगावे : ही बचत नेमकी कोणाच्या खिशातून झाली?